बुजवलेल्या खिडकीचा लढा

डर्व्हला क्विनलनने त्या सकाळी बाबागाडी कोपऱ्यावर थांबवली आणि मान वर करून स्वतःच्या घराकडे पाहिलं. घडलं ते एवढंच. पण पुढे जे रामायण झालं ते सगळं या वर पाहण्यातून झालं. म्हणूनच जॉर्ज राजांच्या काळातल्या जुन्या घरात खुशाल राहावं, पण रस्त्यात उभं राहून त्याच्याकडे वर बघू नये, असं तिचा नवरा फिंटन आजही डब्लिनभर सांगत फिरतो.

घर बेल्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं. विटांचं, लाल म्हणावं तर काळं आणि काळं म्हणावं तर लाल. दारावर अर्ध्या संत्र्यासारखी तावदानं. खिडक्यांची शिस्त तर अशी की शाळेच्या हेडमास्तरांनी शिकून घ्यावी. पहिल्या मजल्यावरच्या उंचच उंच, कारण तिथे मालक पाहुण्यांना बसवणार. दुसऱ्या मजल्यावरच्या जरा बुटक्या, कारण तिथे मालक झोपणार, आणि झोपलेल्या माणसाला रुबाब कशाला? सगळ्यात वरच्या चौकोनी, डब्याच्या झाकणाएवढ्या, कारण तिथे मोलकरणी आणि मुलं कोंबायची. म्हणजे कुठला माणूस किती मोठा ते रस्त्यावरूनच कळायची सोय. बांधणाऱ्यांनी अख्खी समाजव्यवस्था विटांत रचून ठेवली होती.

डर्व्हलाचं या घरावर प्रेम होतं, नवऱ्याच्याही आधीपासूनचं. फिंटन तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा ती त्याच्याशी बोलत होती, पण बघत होती जिन्याकडे. तो जिना असा वळत वर जायचा, जसा कुणी सहज हात धरून नेतोय. छताच्या चुन्यात पक्षी, द्राक्षांचे घड. ‘तू माझ्याशी लग्न केलंस की जिन्याशी?’ असं फिंटन विचारायचा, तेव्हा ती दर वेळी विचार करून उत्तर द्यायची, आणि तो विचार करणंच त्याला लागायचं.

तर त्या सकाळी तिला बाजूच्या गल्लीकडच्या भिंतीत एक खिडकी दिसली. खिडकी म्हणजे चौकट होती, खाली दगडी पट्टी होती, वर विटांची कमान होती, आत बोटभर खोल कोनाडा होता. फक्त काचेच्या जागी विटा होत्या. आणि डर्व्हलाच्या हिशेबाने त्या विटांच्या बरोब्बर मागे ऊनाची खोली होती.

ऊनाची खोली हेच सगळ्या दुःखाचं मूळ होतं. ऊना आठ महिन्यांची. खोलीला एकच खिडकी, तीही मागच्या गोदामाच्या भिंतीला नाक लावून बसलेली. दुपारी बारा वाजताही दिवा लावल्याशिवाय लंगोट कुठे आणि मूल कुठे ते कळायचं नाही. पोर दिवसा झोपायची, रात्री गप्पा मारायची. मागच्या आठवड्यात बाळ तपासायला सरकारी नर्स आली, खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मशरूम लावा इथे, झकास येतील. मुलाला मात्र ऊन लागतं हो.”

ते वाक्य डर्व्हलाच्या काळजात रुतलं. दुसरी खोली द्यावी तर तळमजल्यावर फिंटनचं हिशेबनिसाचं ऑफिस, वर झोपायच्या खोल्यांपैकी पुढची सासूबाईंची, मागची डर्व्हला-फिंटनची, आणि सगळ्यात वर गळकं छप्पर नि कबुतरं. फिंटन शेवटी म्हणाला, “हिवाळ्याच्या आत खोलीत उजेड आला तर ठीक. नाहीतर शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत जाऊ. तिथे घराला चारी बाजूंनी खिडक्या आहेत.”

“आणि जिना?”

“जिना सरळ आहे, डर्व्हला. माणसं चढतात त्याच्यावरून.”

म्हणून ती भिंतीतली खिडकी दिसली तेव्हा डर्व्हलाचा जीव हरखला. ती रस्त्यातच ओरडली, “ऊना, खिडकी! तुझी खिडकी!” ऊनाने मोज्याचं टोक चघळत मान्यता दिली.

ओरडणं ऐकून शेजारचे मिस्टर टूही बाहेर आले. टूही निवृत्त इतिहासशिक्षक. सकाळपासून लोखंडी कठड्याला टेकून ते अशा एका माणसाची वाट बघत असायचे, ज्याला काही माहीत नाही. त्यांनी वर पाहिलं आणि टोपी काढली.

“कर,” ते गंभीरपणे म्हणाले.

“काय करू?”

“कर! राजाचा कर, मुली! जितक्या खिडक्या तितका कर. उजेडावर कर! हवेवर लावला नाही, तो केवळ मोजता येईना म्हणून. तेव्हा आपल्या पूर्वजांनी काय केलं? खिडकीत विटा भरल्या, अंधारात बसले, पण इंग्रजाला पैसा दिला नाही! ही साधी खिडकी नाही. हा मिटलेला डोळा आहे. तो तू उघडायचास!”

डर्व्हलाला खरं तर मुलीचे लंगोट कुठे आहेत ते दिसावं, एवढंच हवं होतं. पण राष्ट्रकार्य आपोआप होत असेल तर तिची ना नव्हती.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई, म्हणजे नूला, बटाटे सोलत होत्या. सोलणं न थांबवता म्हणाल्या, “सहा मुलं वाढवली मी त्या खोलीत.”

“हो, आणि त्यातली पाच ऑस्ट्रेलियाला गेली,” डर्व्हला म्हणाली.

“नोकरीसाठी गेली.”

“उन्हासाठी गेली, नूला.”

नूलांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “माझ्या कॅथलच्या तिकडच्या पत्रात ऊन फार असतं खरं.” आणि पुन्हा बटाट्याकडे वळल्या. हा होकार होता. त्या घरात याहून मोठा होकार कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

मग सुरू झाली परवानगी. घर वारशाच्या यादीतलं, त्यामुळे खिळा ठोकायचा तरी नगरपालिकेला विचारायचं, आणि विचारण्याआधी घराच्या कठड्यावर नोटीस लावायची, म्हणजे जगाला हरकत घेता येते. आता डब्लिनची माणसं दोनच गोष्टी मनापासून वाचतात, मृत्यूच्या बातम्या आणि बांधकामाच्या नोटिसा. दोन्हींतून शेजाऱ्याचं काय चाललंय ते कळतं. नोटीस लावून डर्व्हला पायऱ्या चढेपर्यंत खाली चौघं जमले होते. संध्याकाळी टूहींनी तिथे रीतसर व्याख्यान ठेवलं. एका माणसाने भावनेच्या भरात नोटिशीपुढे फुलं ठेवली. कुणी गेलंय असं त्याला वाटलं होतं असं नंतर कळलं, पण फुलं त्याने परत नेली नाहीत.

हरकत आली ती गल्लीपलीकडच्या मिस कॉन्सेप्टा गेराटींची. त्या स्वतः आल्या, हॅट घालून.

“ती खिडकी उघडली की तुमची मुलगी माझ्या न्हाणीघरात बघणार.”

“मिस गेराटी, ती आठ महिन्यांची आहे.”

“आज आहे.”

“तुम्ही पडदा लावा ना!”

“मी का लावू? इतकी वर्षं तुमची भिंत हाच माझा पडदा आहे! विटांवर विश्वास ठेवून मी जगले!”

टूही कठड्यावरून ओरडले, “कॉन्सेप्टा, तू राजाच्या बाजूची आहेस का?”

“मी टॉवेलच्या बाजूची आहे, फेलिम टूही, आणि तुम्हीही कधीमधी त्याचा विचार करावा!”

तिकडे फिंटनने क्रिस्टी नावाचा गवंडी आणला. क्रिस्टी आला, त्याने ऊनाच्या खोलीत जाऊन भिंतीवर टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. सगळे गप्प राहिले. ऊनासुद्धा.

“पोकळ!” क्रिस्टी म्हणाला. “ऐकलंत? मागे पोकळ आहे. विटांची एक पातळ ओळ, की पलीकडे आकाश. मिसेस, माझा कान कधी चुकत नाही. बायको बोलायच्या आधी मला ऐकू येतं.”

झालं. डर्व्हलाने त्याच संध्याकाळी पडद्याचं कापड आणलं, पिवळं, त्यावर बदकं. फिंटननेसुद्धा नव्या वसाहतीची रंगीत पत्रकं हळूच कपाटाच्या मागे सरकवली. रात्री जेवताना तो म्हणाला, “सकाळचं ऊन येईल का गं तिकडून?” तेव्हा डर्व्हलाला तो जिन्याइतका आवडला.

राहता राहिला नगरपालिकेचा माणूस. त्याने येऊन बघायचं, भिंतीचा एखादा नमुना तपासायचा आणि मग हो की नाही ते सांगायचं. आणि माणूस येणार म्हटल्यावर घरात भूकंप झाला, कारण नूलांनी जाहीर केलं, “त्यांना चांगल्या खोलीत बसवायचं.”

इथे चांगल्या खोलीबद्दल सांगायला हवं. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, ऊनाच्या खोलीला लागूनच ती खोली होती. प्रत्येक आयरिश घरात अशी एक खोली असते. ती घरच्यांसाठी नसते. फादर आले तर, बिशप आले तर, अमेरिकेतला काका आला तर. काका नूलांच्या लग्नापासून यायचा होता. खोलीची किल्ली नूलांच्या एप्रनच्या खिशात असे, गालिच्याचा रंग उडू नये म्हणून खिडक्यांच्या लाकडी झडपा कायम बंद, सोफ्यावर प्लास्टिक. फिंटन स्वतः तिथे बसला होता तो बारशाला आणि वडिलांच्या अंत्यविधीला, आणि बारशाचं त्याला काही आठवत नव्हतं. डर्व्हला सून होऊन आली तेव्हा तिला ती खोली दारातून दाखवली होती, देवळाचा गाभारा दाखवतात तशी.

माणूस सकाळीच आला. लेडविज नावाचा, काडीसारखा, तरुण. त्याने घराच्या भिंतीवर हात फिरवला, गाईच्या पाठीवर फिरवावा तसा, आणि विटांना उद्देशून “वा गं माझी राणी” असं काहीसं म्हणाला. डर्व्हलाला तो एकदम घरचा वाटला. मग शिडी लावून तो वर चढला, कोनाड्यातल्या विटांवरची काजळी छोट्या ब्रशने झाडू लागला आणि एकाएकी आनंदाने ओरडला, “अरेच्चा!”

खाली गर्दी श्वास रोखून उभी. टूहींनी पुन्हा टोपी काढली.

लेडविज घाईघाईने खाली उतरला. “मिसेस क्विनलन, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, फार महत्त्वाचं...”

“आत या,” नूला दारातून म्हणाल्या. “चहा गार होतोय.”

आता चहाची गोष्ट अशी की, आमच्याकडे पहिल्यांदा ‘नको’ म्हणणं हा नमस्कार असतो, दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणणं हा संस्कार असतो, आणि तिसऱ्यांदाही ‘नको’ म्हणाल तर तुमचं आईशी काहीतरी बिनसलंय असं धरतात. लेडविज बिचारा चांगल्या घरचा होता. तो चांगल्या खोलीत, मिणमिणत्या दिव्याखाली, प्लास्टिकवर करकरत बसला. त्याच्या समोर फायरप्लेस, त्यात विस्तवाच्या जागी कागदाचा घडीघडीचा पंखा. ऊना डर्व्हलाच्या मांडीवर.

“त्या खिडकीबद्दल—”

“आधी घोट घ्या.”

त्याने घोट घेतला. “तर ती खिडकी मुळात—”

“केक घ्या. मी केलाय.”

“नको, मी नुकताच—”

“लहानसा.”

“नको, खरंच, आधी मला—”

“म्हणजे माझ्या हातचा चालत नाही तर.”

लेडविजने केक घेतला. तुकडा मोठा होता, आणि नूलांचा केक असा असतो की तोंडात गेल्यावर काही काळ माणसाला दुसरं काही करता येत नाही. तो नुसता हात हलवू लागला. डर्व्हला त्याच्याकडे आशेने बघत राहिली. तिला तो आनंदाने हात हलवतोय असं वाटलं.

दाराच्या फटीतून टूही बघत होते. ते पाय न वाजवता शेजारच्या, ऊनाच्या खोलीत गेले. तिथे क्रिस्टी हातोडा घेऊन बसला होता. नमुन्याची वीट काढायची तर साहेबाने सांगितल्यावर, असं ठरलं होतं.

“काय म्हणतोय साहेब?”

“केक खातोय,” टूही म्हणाले.

“मग?”

“मग काय मग? नगरपालिकेचा माणूस घरचा केक खातो, म्हणजे ज्या घरची वीट काढायला परवानगी द्यायची नाही, त्या घरचा खाईल का? ऊठ क्रिस्टी. तिच्या खोलीत उजेड आण.”

क्रिस्टीने हातावर थुंकून हातोडा उचलला.

पहिला घाव चांगल्या खोलीत ऐकू आला तेव्हा लेडविज उभा राहिला. त्याचे डोळे मोठे झाले. त्याने केककडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि गिळायचा जिवापाड प्रयत्न केला. दुसरा घाव. त्याने दोन्ही हात वर केले. नूला म्हणाल्या, “आवडला ना?”

तिसऱ्या घावाला भिंतीत कुठेतरी खोल घरंगळल्यासारखा आवाज झाला. मग आवाज खाली यायला लागला. म्हातारा माणूस पोत्यासकट जिन्यावरून पडावा तसा तो धडधडत आला, आणि कागदाचा पंखा उडाला, आणि फायरप्लेसमधून चार-दोन विटा, कावळ्यांच्या कित्येक पिढ्यांची घरटी, आणि शंभर-दोनशे वर्षांच्या थंडीची सगळी काजळी एका काळ्या ढगात चांगल्या खोलीत शिरली.

काही क्षण काहीच दिसलं नाही. मग ढगातून लेडविजचा घोगरा आवाज आला. त्याने केक गिळला होता.

“धुराडं,” तो म्हणाला. “मी तेच सांगत होतो. मागे धुराडं आहे.”

क्रिस्टी दारात आला, आणि तोही काळा. “मी म्हटलं होतं पोकळ आहे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही अभिमान होता.

लेडविजने चष्मा पुसला, तो आणखी काळा झाला, आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. ती खिडकी कधीच खिडकी नव्हती. या खोलीच्या फायरप्लेसचं धुराडं भिंतीतून तिरकं वर जातं, नेमकं त्या खोलीमागून. तिथे खिडकी होणं शक्यच नव्हतं. पण बाहेरून घर सगळीकडे एकसारखं दिसलं पाहिजे, म्हणून बांधणाऱ्याने विटांची खोटी खिडकी केली आणि तिच्यावर रंगाने तावदानं रंगवली. काजळीखाली ती अजून आहेत. “एका तावदानात तर उजेडाची तिरीपसुद्धा रंगवलीय! इतकी सुंदर आंधळी खिडकी मी पाहिली नाही, मिसेस क्विनलन! ती तशीच राहायला हवी.”

“मग कर?” टूही क्षीण आवाजात म्हणाले.

“कर होता की. पण या खिडकीवर नव्हता.”

“म्हणजे आमच्या पूर्वजांनी विटा लावल्या त्या...”

“शोभेसाठी.”

टूही प्लास्टिकवर बसले.

डर्व्हलाने ऊनाच्या नाकावरची काजळी बोटाने पुसली, पुन्हा पुसली. तिला पिवळ्या कापडावरची बदकं आठवली. चारी बाजूंनी खिडक्या असलेली ती घरं आठवली, तो सरळ जिना. फिंटन तळमजल्यावरून धावत आला होता, तो दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं. त्याला बोलावंसं वाटत होतं, पण नवऱ्याने कधी बोलू नये ते त्याला जिन्याच्या प्रकरणापासून चांगलं ठाऊक होतं.

नूला एका जागी उभ्या होत्या. काळ्या चेहऱ्यात दोन डोळे. त्या गालिच्याकडे बघायचा प्रयत्न करत होत्या, पण दिव्यावर काजळी बसली होती.

“काही दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “फिंटन, झडपा उघड. काय काय गेलंय ते बघू दे मला.”

झडपांना हात लागून वर्षं झाली होती. फिंटन आणि लेडविजने मिळून लोखंडी आडणा उचलला. लाकूड किंचाळलं. मग झडपांच्या घड्या एकावर एक दुमडत भिंतीतल्या खोबणीत शिरल्या, आधी एका खिडकीच्या, मग दुसऱ्या.

आणि ऊन आत आलं.

आलं म्हणजे काय, धो धो आलं. गुडघ्यापासून छतापर्यंतच्या त्या दोन खिडक्या, पूर्वेकडच्या, पाहुण्यांसाठी खास उंच केलेल्या. हवेत तरंगणारी काजळी सोनेरी झाली. छताच्या चुन्यातले पक्षी एकाएकी उठून दिसले. डर्व्हलाने असे पक्षी या घरात पाहिले नव्हते. सगळे काळे चेहरे वर करून बघत राहिले.

ऊना मांडीवरून उतरायची धडपड करायला लागली. डर्व्हलाने तिला खाली ठेवलं. गालिच्यावर उन्हाचा एक लांबलचक चौकोन पडला होता. ऊना रांगत त्याच्या कडेपर्यंत गेली, थांबली आणि त्यात हात घातला. हाताची सावली पडली. तिने सावलीला थापट मारली. सावलीनेही मारली. मग ऊना खदखदून हसली, इतकं की तोल जाऊन उन्हातच बसली, आणि तिथून हलेना.

डर्व्हलाने ओठ आवळून धरले होते. काही गोष्टी सुनेने मागायच्या नसतात, हे तिला माहीत होतं.

नूला खाली वाकल्या. ऊनाच्या पायाजवळची काजळी त्यांनी एप्रनने बाजूला केली. “हा निळा आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटायचं राखाडी. सासूबाई गेल्यापासून जपतेय मी हा.”

“साफ करून आणू आपण, मॅमी,” फिंटन म्हणाला.

“कशाला? आता उन्हाने त्याचं आणखी काय वाकडं करायचंय?” त्या सरळ उभ्या राहिल्या. “पाळणा आण तिचा.”

“इथे? आणि फादर आले तर?”

“फादर स्वयंपाकघरात बसतील. तिथे शेगडी आहे.”

“आणि अमेरिकेतला काका?”

“तो येत नाहीये, फिंटन,” नूला म्हणाल्या. “तुझ्या वडिलांनाही मी हेच सांगत होते. डर्व्हला, रडू नको गं, काजळी डोळ्यांत जाते. आणि मिस्टर लेडविज, बसा खाली, तुमचा केक अर्धा राहिलाय.”

लेडविजने या वेळी पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हटलं. शहाणा माणूस.

ऊनाचं बिऱ्हाड त्याच दिवशी चांगल्या खोलीत हललं. बदकांचे पडदे त्या उंच खिडक्यांना अर्ध्यापर्यंतच पुरले, तरी लावले. मिस गेराटी बादली आणि फडकं घेऊन धुवायला आल्या, आणि खोली उन्हात न्हाऊन निघाल्यासारखी दिसतेय असं म्हणाल्या. भिंत तशीच राहणार म्हटल्यावर न्हाण्याबद्दल बोलायला त्यांची हरकत नव्हती आता.

फक्त एक झालं. डब्लिनला उन्हाळ्यात फार लवकर उजाडतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच, पक्षी उठायच्या आधी, ऊना उठली. पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि उन्हाच्या पहिल्या तिरीपेला जोरात हाका मारू लागली. घर जागं झालं. पलीकडचे टूही जागे झाले. फिंटन केस विस्कटलेल्या अवस्थेत जिना उतरून आला, तर खोलीत डर्व्हला आणि नूला आधीच येऊन बसलेल्या, नुसत्या गालिच्यावर, पाय लांब करून, मध्ये ऊना.

“मी काय म्हणतो,” फिंटन डोळे चोळत म्हणाला, “झोपेपुरत्या या झडपा जराशा ओढून घेतल्या तर?”

“हात लावून तर बघ!” दोघी एकदम म्हणाल्या.